सिस्टरचा इंग्रजी निबंध

सासूनं सुनेचं कौतुक केलं की लोक आधी सासूच्या तब्येतीची चौकशी करतात. माझी तब्येत ठणठणीत आहे. अडुसष्टावं चालू आहे, गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे, आणि जीभ तर विचारूच नका. तीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होते. भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत ऐकू जाईल असा आवाज कमावलाय, तो काय निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा करायचा असतो? तेव्हा मोठ्यानं बोलले तर मनाला लावून घेऊ नका. आणि सुनेबद्दल तर मी मोठ्यानंच बोलणार.

माझी सून नर्स आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात, हाडांच्या वॉर्डात, एकोणीस वर्षं झाली. बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. तिचं खरं नाव पोस्टमन सोडून कोणाला आठवत नसेल. माझा मुलगासुद्धा चिडला की ‘हो सिस्टर’ म्हणतो आणि मग त्याचं त्यालाच हसू येतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली, वर-खाली करतो आणि घरी आला की सोफ्यावर असा बसतो की उठवायला दुसरा मेकॅनिक बोलवावा.

लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, ही मुलगी मुकी आहे की काय! मी दहा वाक्यं बोलले की ती एक बोलायची, आणि तेही कामाचं. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या पलंगाची चादर चारही कोपऱ्यांनी अशी ताणून खोचली की मला पाय हलवता येईना. मी म्हटलं, “अगं, मी झोपायला आलेय, पार्सल व्हायला नाही.” ती हसली, पण चादर काही सैल केली नाही. तिथेच ओळखलं मी, ही गप्प आहे पण लेचीपेची नाही.

कामात तर ती अशी की नाव ठेवायला जागा नाही. पण झालं काय, रुग्णालयात नवा नियम आला. वॉर्डची मुख्य सिस्टर व्हायचं तर विद्यापीठाची पदवी हवी. सुनेकडे होती पदविका, तीही आपल्या भाषेत शिकून घेतलेली. तिच्या हाताखाली सुई टोचायला शिकलेल्या दोन मुली पदवी घेऊन आल्या आणि तिच्या डोक्यावर जाऊन बसल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या! मी घरात आदळआपट केली. ती म्हणाली, “आई, त्यांच्याकडे कागद आहे. माझ्याकडे नाही. एवढीच गोष्ट आहे.” आणि बेचाळिसाव्या वर्षी तिनं विद्यापीठात अर्ज टाकला. नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी शनिवार-रविवारचे वर्ग होते, रुग्णालयानं ते दोन दिवस सुटी मंजूर केली, आणि सगळं शिकवणं, वाचणं, लिहिणं इंग्रजीत.

आता तुम्ही म्हणाल, नर्सला इंग्रजी येत नाही का? येतं की! औषधांची नावं, हाडांची नावं, डॉक्टरांचे आदेश, सगळं इंग्रजीत. ते ती झोपेतून उठवलं तरी बिनचूक लिहील. पण ते वॉर्डातलं इंग्रजी. तीन शब्दांत आदेश, खाली सही, विषय संपला. विद्यापीठाचं इंग्रजी म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथे एका गोष्टीवर दोन हजार शब्द लिहायचे आणि सरळ काही म्हणायचं नाही.

पहिले तीन महिने ती वर्गात बसून सरांचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायची. सर मध्येच खोकले असते तर खोकलाही लिहिला असता. मनगट सुजलं. मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत म्हटलं, “अगं, महत्त्वाचं तेवढं लिही ना.” ती म्हणाली, “काय महत्त्वाचं ते ठरवणारी मी कोण?”

हे तिच्या हाडात कुठून भिनलं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी डॉक्टरांनी एका पेशंटच्या कागदावर औषधाचं माप आकड्यात लिहिलं होतं. सुनेनं ते चार्टवर उतरवताना आकड्याऐवजी ‘अर्धी गोळी’ असं लिहिलं. अर्थ तोच, गोळी तीच, पेशंटला काही झालं नाही. पण तिच्या मोठ्या सिस्टरनं अख्खा चार्ट फाडला आणि सगळ्यांसमोर पुन्हा लिहायला लावला. म्हणाली, “तुला तुझ्या शब्दांत लिहायची हौस असेल तर घरी जाऊन कविता लिही. इथे जे दिलंय ते, जसं दिलंय तसं. तुझ्या एका शब्दानं माणूस मरतो.” त्या दिवसापासून एकोणीस वर्षं माझ्या सुनेनं दुसऱ्याच्या लिहिण्यातला एक ठिपका इकडचा तिकडे केला नाही. यात तिची सगळी अब्रू होती.

आणि मग आला निबंध. विषय असा की अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या अंगाला जखमा होतात त्या कशा टाळाव्यात. हा विषय म्हणजे तिच्या हातचा मळ! किती टाचा, किती पाठी तिनं वाचवल्या असतील त्याला गणती नाही. पण तिनं काय केलं? ग्रंथालयातून अकरा पुस्तकं आणली, पाच रविवार वर्गावरून आल्यावर जेवणाच्या टेबलावर मांडून बसली, आणि प्रत्येक पुस्तकातली सगळ्यात चांगली वाक्यं काढून, स्वल्पविरामासकट, एकामागे एक लावली. आम्ही पाच रविवार ताटं मांडीवर घेऊन जेवलो. शेवटी अकराही पुस्तकांची नावं लिहिली, पानांच्या आकड्यांसकट. दोन बोटांनी टाइप केलं आणि पाठवून दिलं. त्या दिवशी ती जरा गुणगुणतसुद्धा होती.

तीन आठवड्यांनी ती कामावरून आली आणि बूट न काढता, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. बूट घालून घरात! मी काही बोलणार तोच तिचा चेहरा बघितला. मुलानं तिच्या हातातला फोन घेऊन वाचलं. विद्यापीठाच्या कॉम्प्युटरनं निबंध तपासला होता. जे जे दुसरीकडे जसंच्या तसं सापडलं त्याला लाल रंग दिला होता. एकाहत्तर टक्के लाल. दुसऱ्यांचं लिखाण आपलं म्हणून दिल्याचा संशय आहे, बारा दिवसांनी समितीपुढे हजर व्हा. दोषी ठरलात तर नाव कमी होईल आणि रुग्णालयाला तसं कळवलं जाईल.

“कळवलं जाईल म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे माझ्या फाइलला लागेल,” ती म्हणाली. “फसवणूक केली म्हणून.”

पदवी गेली तर गेली हो, पदवीवाचून कोणाचं अडलंय! पण वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात. वेदना थांबवायची कडक औषधं, एकेक मोजून ठेवायची. ज्या बाईवर फसवणुकीचा शेरा बसला तिच्या कमरेला त्या किल्ल्या कोण ठेवेल? एकोणीस वर्षांच्या खरेपणावर एका कागदानं पाणी पडणार होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “चल, आत्ताच्या आत्ता जाऊ. कोण तो कॉम्प्युटर मला बघू दे! चोर कधी घरमालकाचा पत्ता लिहून ठेवतो का? शेवटी अकरा पुस्तकांची नावं दिलीत ना तू? चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“आई,” ती म्हणाली, “कॉम्प्युटर खरं बोलतोय. वाक्यं माझी नाहीतच.”

“मग?”

“माझी आहेत असं मी म्हटलंच नव्हतं.” आणि मग ती रडली. वीस वर्षांत मी तिला तीनदा रडताना बघितलंय, त्यातलं हे एक. मी तिच्या पायातले बूट काढले.

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठातल्या लेखन मदत कक्षात गेली. अशी एक खोली असते तिथे, एक टेबल, चार खुर्च्या, आणि इंग्रजी लिहिताना अडलेल्यांना हात देणाऱ्या एक बाई. गळ्यात चष्मा, केस आखूड, बोलायला मऊ. बाईंनी लाल पानं बघितली, शेवटची अकरा नावं बघितली, आणि म्हणाल्या, “तुम्ही लपवलं काहीच नाही. पण नियम तुम्हाला कोणी नीट सांगितला नाही, आणि तुम्ही विचारला नाहीत.” मग त्यांनी सांगितला. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं हवं तर ते अवतरणचिन्हात ठेवायचं आणि तिथल्या तिथे लेखकाचं नाव द्यायचं. तेही क्वचित. बाकी सगळं आपल्या शब्दांत मांडायचं, तरी नाव द्यायचंच. दोन लेखकांचं पटत नसेल तर तसं सांगायचं. आणि मग आपलं मत काय, कशावरून, ते. बाई म्हणाल्या, समितीसमोर नुसतं ‘चुकले’ म्हणू नका, आता येतंय असं दाखवा.

मग काय, सूनबाई बसल्या आपल्या शब्दांत मांडायला! पण तिचे शब्द कुठे होते? ते त्या मोठ्या सिस्टरनं चार्टबरोबर फाडून टाकले होते. तिनं काय करावं? पुस्तकातलं वाक्य घ्यायचं, शब्दकोश उघडायचा आणि एकेका शब्दाच्या जागी दुसरा ठेवायचा. ‘पेशंटची कूस बदला’ होतं, त्याचं झालं ‘पेशंटला उलथवा’. बाई वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, “सिस्टर, तो माणूस आहे की होडी?” घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मुलगा हसून हसून सोफ्यावरून पडायचा राहिला. ती मात्र हसली नाही. बारातले चार दिवस गेले होते.

आणि पाचव्या दिवशी मी वॉर्डात गेले.

गेले ती तिच्यासाठी नाही. मी अकरा वर्षं ज्या ड्रायव्हरबरोबर एकाच बसवर काढली, तो घरात पाय घसरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं, आणि आला नेमका सुनेच्या वॉर्डात. मी चार केळी घेऊन भेटायला गेले. त्याची बायको हातात कागद घेऊन रडकुंडीला आली होती. तिला कोणी काही सांगत होतं, कोणी काही. तेवढ्यात सून आली. तिनं कागद बघितला, परत ठेवला, खाटेच्या कडेला टेकली आणि बोलायला लागली.

“हे बघा मावशी, मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय की उद्यापासून काकांना आधार देऊन उभं करायचं. व्यायामाच्या मॅडमचं म्हणणं आहे, दोन दिवस थांबा, कारण रक्तदाब खाली येतोय. दोघांचंही बरोबर आहे. मी सकाळी काकांना पलंगाच्या कडेला बसवलं तेव्हा चक्कर आली नाही. पण टाच लाल दिसली. म्हणजे नुसतं झोपवून ठेवण्यात पण धोका आहे. तेव्हा मला वाटतं, उद्या उभं करावं, पण पाचच मिनिटं. तसं मी डॉक्टरांना विचारणार आहे. आणि आज दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे बदलायची.”

ड्रायव्हरच्या बायकोचा चेहरा असा सुटला, जणू तिलाच कोणी उभं केलं! आणि माझ्या डोक्यात डबल घंटी वाजली. चार दिवस मी घरात त्या बाईंचा नियम ऐकत होते. कोण काय म्हणतो ते नावानिशी, आपल्या शब्दांत. दोघांचं पटत नाही तेही. मग स्वतः काय बघितलं ते, आणि मग आपलं मत, तेही ‘मला वाटतं’ म्हणून. अहो, ही बाई रोज वीस खाटांशी वीस निबंध बोलते! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

घरी आल्या आल्या मी तिला धरलं. ती म्हणाली, “आई, तो निबंध नव्हता. ते समजावून सांगणं झालं.”

“मग विद्यापीठाला समजावून सांगायला काय हात दुखतात तुझे?”

“तिथे सगळे शिकलेले लोक आहेत.”

“असू देत. शिकलेल्यांना कमी समजतं, त्यांना दोनदा सांगावं लागतं. बस खाली.”

मी मुलाला सोफ्यावरून उठवलं, हे काही लहान काम नव्हे, आणि आडवी झाले. म्हटलं, “मी पेशंट. हा माझा भाऊ. आम्हाला इंग्रजी येत नाही. हे पुस्तक काय म्हणतंय माझ्या जखमेबद्दल?” तिनं नाइलाजानं पान वाचलं आणि सवयीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाक्य उचलायला लागली. मी पुस्तक ओढलं आणि त्यावर बसले. खरंच बसले. “आता सांग,” म्हटलं. ती चिडली. मग हसली. आणि मग सांगितलं तिनं, सरळ, आपल्या भाषेत, त्या लेखकाचं काय म्हणणं आहे ते. “आता हेच इंग्रजीत,” मी म्हटलं. थांबत थांबत, अडखळत, पण आलं! पुस्तक माझ्या खाली होतं, म्हणजे ते वाक्य पुस्तकातलं नव्हतं हे मी शपथेवर सांगू शकते. “लिही,” म्हटलं. तिनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मदत कक्षातल्या बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, “ही पद्धत कोणी शिकवली?”

“सासूबाईंनी. त्या पुस्तकावर बसतात.”

बाई म्हणाल्या, आम्ही पुस्तक मिटायला सांगतो, बसायचं सुचलं नव्हतं. श्रेय मला नको हो. पण कोणी दिलंच तर मी नाही म्हणत नाही.

पुढचे दिवस तिची पाळी उशिराची होती, तेव्हा दुपारी, पाळीच्या आधी, आमची शाळा भरायची. मी कधी पेशंट, कधी पेशंटची बहीण, कधी कटकट्या मेहुणा. मी मुद्दाम फाटे फोडायची. “कशावरून म्हणतेस? कोण म्हणालं? दुसरा काय म्हणतो?” ती उत्तर द्यायची, मग इंग्रजीत द्यायची, मग लिहायची. व्याकरणाच्या चुका असायच्या. बाई म्हणायच्या, चुका आपण दुरुस्त करू, म्हणणं तुमचं पाहिजे. त्यांनी तिला ‘बहुतेक’, ‘असं दिसतं’, ‘शक्यता आहे’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते शिकवलं. ते तिला लगेच जमलं. कोणता पेशंट कधी चालेल हे नर्स छातीठोक कधी सांगतच नाही. मला जमलं नसतं. मी आयुष्यात ‘बहुतेक’ म्हटलेलं नाही.

बारावा दिवस आला. सोबत एक माणूस आणता येईल, पण त्यानं ब्र काढायचा नाही, असं पत्रात होतं. मुलगा म्हणाला, “आई, तू नको, तुला नाही झेपणार.” पण त्याच सकाळी कुठल्या तरी इमारतीत त्याची लिफ्ट अडकली, माणसांसकट, आणि गेले मीच. तोंडाला कुलूप लावून.

खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याचा जग, पलीकडे तिघं. मधे पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, एका बाजूला एक तरुण प्राध्यापिका, दुसऱ्या बाजूला एक जाडसर गृहस्थ, ज्यांनी शेवटपर्यंत पेनाचं टोपण उघडलं आणि लावलं. बोलणं सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी समजतं ते बसच्या पाटीपुरतं. तेव्हा आता जे सांगते ते अर्धं चेहऱ्यांवरून, आणि अर्धं येताना बसमध्ये तिनं मला सांगितलं त्यावरून. माझ्या पदरचं काही घालत नाही.

अध्यक्षांनी लाल पानं तिच्यापुढे सरकवली. “ही वाक्यं तुमची आहेत का?”

“नाहीत, सर,” ती म्हणाली. “एकही नाही. म्हणून तर मी ती इतकी नीट उतरवली.”

टोपण थांबलं. तिनं चार्टची गोष्ट सांगितली. फाडलेला कागद, अर्धी गोळी, सगळं. रडली नाही, हात जोडले नाहीत. आमच्याकडे नियम असा आहे, तुमच्याकडे उलटा आहे, मला माहीत नव्हतं, आणि मी विचारायला हवं होतं, एवढंच म्हणाली. जाडसर गृहस्थ म्हणाले, हे सगळेच म्हणतात. माझ्या ओठावर आलं होतं! मी जीभ चावली, अक्षरशः चावली, दोन दिवस गरम चहा पिता आला नाही.

तेव्हा तीच म्हणाली, “सर, तुम्ही मला कोणतंही पान द्या.”

अध्यक्षांनी समोरच्या गठ्ठ्यातून एक छापील पान काढून दिलं. तिनं वाचलं. सावकाश, दोनदा. मग ते पान टेबलावर पालथं घातलं, हात मांडीवर ठेवले आणि त्या तिघांकडे बघून बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. खाटेच्या कडेला टेकून बोलते तीच चाल. हा लेखक असं म्हणतो. त्याचा आधार असा आहे. आमच्या यादीतलं दुसरं पुस्तक याच्याशी सहमत नाही. दोघांनीही म्हातारी, हडकुळी माणसं फारशी तपासलेली दिसत नाहीत. माझ्या वॉर्डात मी असं बघितलंय. म्हणून मला वाटतं, बहुतेक... मध्ये दोनदा शब्द अडला. तिनं घाई केली नाही. शोधला, सापडला, पुढे गेली.

तरुण प्राध्यापिका पुढे वाकल्या. म्हणाल्या, “पण हे तर सुंदर आहे. निबंधात तुम्ही हेच का लिहिलं नाहीत?”

माझी सून म्हणाली, “मला वाटलं, विद्यापीठात माझे शब्द चालत नाहीत.”

प्राध्यापिकांनी चष्मा काढून पुसला. अध्यक्षांनी पाण्याचा जग तिच्याकडे सरकवला, आणि ती पहिल्यांदा पाणी प्यायली. निकाल आठवड्यानं कळवू म्हणाले.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मी तिला दिली. तीस वर्षं मी लोकांना सरका सरका म्हणत आले, त्या दिवशी आपणहून सरकले. म्हटलं, “निकाल काही लागो. मी आज जे बघितलं ते बघितलं.” ती म्हणाली, “काय बघितलंत? तुम्हाला तर इंग्रजी कळत नाही.” म्हटलं, “ते तिघं तुझ्याकडे कसे बघत होते ते बघितलं. ड्रायव्हरची बायको बघत होती तसे.” मग ती सगळं सांगायला लागली, आणि आमचा थांबा मागे गेला. कंडक्टरचा थांबा चुकला! डेपोत कोणाला सांगू नका.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. ती रोज कामावर गेली, रोज किल्ल्या कमरेला अडकवल्या, रोज रात्री मोजून सोपवल्या. आणि दुपारी टेबलाशी बसून निबंध नव्यानं लिहीत राहिली. मी म्हटलं, “अगं, त्यांनी मागितलाय का?” म्हणाली, “नाही. पण आता माझ्याकडे म्हणणं आहे, तर लिहून ठेवते.”

पत्र फोनवर आलं. तिनं रुग्णालयात उघडलं नाही, घरी आणलं. स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. मी ओट्याशी होते, मुलगा दारात. तिनं दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

“पहिल्या निबंधाला शून्य आहे,” ती म्हणाली. “तो धरणार नाहीत. दोन आठवड्यांत नवा द्यायचाय. रुग्णालयाला काही कळवणार नाहीत.”

“आणि बाकी? बाकी काय लिहिलंय?”

“लिहिलंय की मी चोर नाही.”

“असं लिहिलंय? विद्यापीठानं? चोर नाही, असं?”

“नाही, आई. त्यांनी लिहिलंय, ‘फसवणुकीचा हेतू आढळून आला नाही.’ हे त्यांचं वाक्य.” आणि माझ्याकडे बघून ती हसली, डोळे भरलेले असताना हसतात तशी. “चोर नाही, हे माझ्या शब्दांत.”

मी तिला जवळ घेतलं. आमच्यात तशी पद्धत नाही, पण घेतलं. मुलगा दारात उभा राहून नाक ओढत होता आणि सर्दी झालीय म्हणत होता. मला अभिमान वाटला हो, असा की छातीत मावेना. मग मी सरळ गॅलरीत गेले आणि तीस वर्षांचा आवाज एकदम सोडला. वरच्या मजल्यावरच्या बाई धावत बाहेर आल्या, खालचे दुकानदार रस्त्यावर आले. कोणाला वाटलं आग लागली.

“काय झालं? काय झालं?” खालून सगळे.

“विद्यापीठाचं पत्र आलंय सिस्टरला!”

“काय लिहिलंय पत्रात?”

“थांबा,” मी म्हटलं, आणि सुनेला हाताला धरून बाहेर आणली. “तीच सांगेल.”